बायजेला आवतण

वैशाखरे, ता. मुरबाड
८ एप्रिल २०००

सावळे,

हौसाबायचा आशीर्वाद. आधी जेवून घे, मग वाच, कारण पत्र लांबणार आहे. इकडे आमचं बरं चाललंय. माझ्या माधुरीचे बारावीचे पेपर झाले. चांगले गेले म्हणते, किती चांगले ते निकाल लागला की कळेल. गाय व्यायली, कालवड आहे. तुझ्या भावजींनी जीपचे मागचे टायर बदलले. बा बरा आहे, हिंडतो-फिरतो.

फोन कर म्हणून तू लिहिलंस. अगो, नाक्यावरच्या बूथवर माझ्यामागे माणसं उभी असतात, आणि मी हॅलो म्हटलं की सगळी गप्प होऊन कान टवकारतात. तिथं मी काय बोलणार, कपाळ? लिहिलेलं बरं. सातवीपर्यंत शिकले ती काय उगाच.

तर तुझी कॅसेट. मुरबाडला एसटी स्टँडसमोरच्या दुकानात तुझा फोटो लावलाय, माणसाएवढा. सोनेरी साडी, मोकळे केस, पापण्यांवर काहीतरी चमचम. वर लिहिलंय, 'रेश्माची हळद'. मी भाजीची पिशवी घेऊन समोर उभी राहिले आणि दुकानदाराला म्हटलं, ही माझी धाकटी बहीण, हिचं खरं नाव सावळी. तो म्हणाला, मावशी, रोज कोणीतरी येऊन हेच सांगतं. मग मी तुझं लहानपण काढलं, नाकातल्या शेंबडापासून, तेव्हा कुठे त्याने बसायला स्टूल दिलं.

तुझे भावजी तर कामातून गेलेत. मुरबाड ते वैशाखरे एकच कॅसेट, बाजू संपली की उलटी करायची. कोणी म्हणालं, कोंडू, दुसरं काही लाव रे, तर म्हणतात, दुसरी जीप बघ. धसईच्या बाजारात बांगडीवाल्याकडे तूच, भजीवाल्याकडे तूच. कल्याणच्या कुठल्या पेपरात छापून आलं ते माधुरीने वाचून दाखवलं. 'अस्सल मातीचा गंध' असं लिहिलंय. आपल्या मातीला या दिवसांत राब भाजल्याचा वास येतो, तो त्या माणसाला कल्याणात बसून कसा आला कोण जाणे. पण चांगलंच लिहिलं असणार, माधुरीने कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलंय.

आणि लग्नं. यंदा एक हळद अशी नाही जिथं तू नाहीस. सगळ्यांना कॅसेटमधलं ते दोन नंबरचं गाणं हवं असतं. पोरं स्पीकरवाल्याला ओरडून सांगतात, 'बायजा लाव, बायजा'. ठेका सुरू झाला की म्हातारेसुद्धा उठतात.

ये गो बायजे, पिवळी झाली वाट,
कमळूच्या दारी मांडव, मांडलाय तुला पाट.

मी पहिल्यांदा ऐकलं ते टोकावड्याला, एका हळदीत. हातात ताट होतं. भोंग्यातून आयचं नाव आलं, मागोमाग बाचं, आणि मी मागे वळून बघितलं. खोटं कशाला सांगू, आय दिसते का म्हणून बघितलं. एवढी वर्षं झाली ती जाऊन. पण नाव घेऊन बोलावलं की वळायला होतंच.

हे गाणं तुला कुठून आलं ते मला ठाऊक आहे. माझ्या लग्नात सकुआत्या हळदीचे धवळे म्हणायला बसली होती आणि तू तिच्या मांडीला चिकटून होतीस. आपल्यात हळदीला आधी देवांना बोलावतात, सूर्याला, गावदेवाला, आणि मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन. आयला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सकुआत्याने तिला बोलावलं आणि बा मांडवाच्या मेढीला धरून उभा राहिला. तू तेव्हापासून ती ओळ म्हणत फिरायचीस, करवंदांना जाताना, पाण्याला जाताना. तू लिहिलंयस की स्टुडिओत काचेच्या खोलीत तुला एकटीला उभं केलं, कानाला ते लावलं, आणि संगीतवाला म्हणाला, तुझ्या गावचं काहीतरी म्हण. तुला दुसरं काय आठवणार?

सकुआत्याला मी कॅसेट ऐकवली. डोळे मिटून ऐकलं तिने. दुसरी बाजूही लावायला लावली. ती संपल्यावर म्हणाली, 'गळा बायजेचाच हाय. पण पाठवणी कुठं गो?' मी म्हटलं, आत्या, कॅसेटमध्ये तेवढी जागा नसते. ती मशेरी लावत बसली.

बाने ऐकलं का, असं तू दोनदा विचारलंयस. ऐकलं. भाकरी करपतेय, आता ठेवते.

तुझा शेंबूड पुसलेली,
हौसाबाय


वैशाखरे
२० ऑगस्ट २०००

सावळे,

आशीर्वाद. पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. साडी माझ्या वयाला भडक आहे, तरी नेसणार आहे. बाचं स्वेटर त्याला मोठं होतंय, बाह्या दुमडून घालतो. लावणी उरकली. माधुरी पास झाली, पण इंग्रजीत काठावर. त्यावर ती आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो.

कंपनीला दुसरी कॅसेट लगेच हवी आणि तिच्यात 'बायजा'चा पुढचा भाग घालायचा, म्हणून सकुआत्याकडून पाठवणीचे शब्द लिहून घे आणि धाड, असं तू लिहिलंस. त्याला महिना झाला. मी लिहून घेतले नाहीत. घ्यायला गेलेही नाही. का ते आज सांगते. रागवायचं तर राग, मला चालेल.

बा लग्नांना जातो. म्हणजे ज्याचं आवतण आपल्याला नाही अशा लग्नांना. मे महिन्यात मला पहिल्यांदा कोणीतरी येऊन सांगितलं की तुझा बाप टोकावड्याच्या एका मांडवात मेढीला धरून उभा होता. मला वाटलं, प्यायला गेला असेल. तिथल्या लोकांनाही तेच वाटलं, एकाने धक्का देऊन बाहेर काढलं त्याला. तुझे भावजी जीप घेऊन गेले आणि घेऊन आले. मी खूप बोलले. म्हटलं, लाज आणलीस, न बोलावता दुसऱ्याच्या दारात उभा राहतोस.

तो म्हणाला, 'अगो, पोरीनं आयला आवतण दिलंय. कमळूच्या दारी ये म्हणतेय. आणि दार बघावं तर भलत्याचंच. बायजा आली आणि तिथं मी नाय दिसलो, तर ती जाईल कुठं?'

मी म्हटलं, बा, ती कॅसेट आहे. मशीन बोलतंय.

'मशीनला बायजेचं नाव कोनी सांगितलं?' म्हणाला.

यावर मी काय सांगू, तूच सांग. सकुआत्या कोणत्याही लग्नात बसली की त्या घरची नावं घेते, ते दार त्याच घराचं असतं. तुझ्या गाण्यात नावं आपल्या घरची राहिली आणि ते गाणं प्रत्येकाच्या दारात वाजतंय. संगीतवाल्याला 'बायजे' हे ठेक्यावर बसतंय एवढंच कळलं असेल. त्याचा काय दोष, त्याला ती नुसती नावं. आणि तुझ्याकडे आयचं दुसरं होतंच काय? ती गेली तेव्हा तू चार वर्षांची. मला विचारायचीस, बाय, आयचे केस तुझ्यासारखेच होते का गो? तुला तिचा चेहरा आठवत नाही, ते एक गाणं आठवतं. म्हणून मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही. थोडी रागावले आहे. आयच्या नावावर लोक शिट्ट्या मारतात, ते मला सोसत नाही.

मग बा जातच राहिला. आम्ही जीपमधली कॅसेट काढून टाकली, कारण ती वाजली की तो जीपमध्ये चढून बसायचा आणि उतरायचा नाही. लग्नसराईभर पायी जायचा. कुठं हसायचे, 'आला रे कमळू' म्हणायचे. कुठं चांगलीही माणसं भेटली. एका मुलीच्या बापाने त्याला पाट दिला, पान वाढलं. पण गाणं संपेपर्यंत तो बसत नसे. गाणं संपलं की थोडा वेळ रस्त्याकडे बघायचा आणि घरी यायचा. मला येऊन सांगायचा, 'आज नाय आली.' बाजारातून आल्यावर भेंडी नाय मिळाली म्हणतात ना, त्या आवाजात.

पाऊस लागला, लग्नं संपली, मला वाटलं सुटलो. पण आता माळशेजला धबधबे बघायला गाड्या येतात. रविवारी तर रांग लागते. पोरं गाडीची चारी दारं उघडतात आणि रस्त्यात नाचतात, आणि वाजतं काय, तर तूच. बा डोक्यावर प्लास्टिक घेऊन तिकडे चालत जातो. कमळूच्या दारी म्हटलं की गाडीच्या दाराशी उभा राहतो. मागच्या आठवड्यात एका पोराला वाटलं भिकारी आहे, त्याने वडापाव दिला. तो त्याने भिजू न देता घरी आणला आणि आय बसायची त्या खांबाशी ठेवला. म्हणाला, 'पोरं गुणाची होती.'

परवा एका गाडीचा धक्का लागला. लागलं गुडघ्याला, पण तासभर पाण्यात पडून होता. आता खोकला आहे, अंगात कणकण असते. मुरबाडच्या डॉक्टरने झोपवून ठेवा सांगितलं. झोपतो, पण गाडीचा आवाज आला की उठून बसतो. मी दाराला कडी घालते. माझ्या बापाला मी कडी घालते, सावळे. हे लिहायला मला महिना लागला.

मी सकुआत्याकडे गेले होते. शब्द मागायला नाही, पाठवणी करायला ये म्हणायला. तुला माहीत नसेल, तू झोपली होतीस तेव्हा. माझ्या लग्नात दुसऱ्या दिवशी, मांडव उतरायच्या आधी, तिने तांब्यात हळदीचं पाणी घेतलं, उंबऱ्यावर सोडलं आणि आयला जा म्हणाली. बोलावलेल्याला निरोप दिल्याशिवाय आपल्यात मांडव उतरवत नाहीत. तुझ्या कॅसेटवर बोलावणं आहे, मग ढोल आहेत, मग दुसरं गाणं सुरू होतं. बा म्हणतो, एवढ्या दारांना बोलावलं, जा कोणीच म्हटलं नाही, बिचारी रस्त्यातच असेल.

सकुआत्या आली नाही. म्हणाली, 'मी बोलावलं होतं, मी पाठवलं. आता बोलावलंय सावळीनं. जिनं बोलावलं तिनंच पाठवायचं, त्याला मी काय करू?' मी रडले तिच्यासमोर. तेव्हा म्हणाली, 'पोरीला आन. समोर बसून शिकवते. कागदावर नाय देणार.'

म्हणून शब्द धाडत नाही. तू ये. ऑर्केस्ट्रात गेलीस तेव्हा बा तुझ्याशी बोलला नाही, ते तू अजून धरून आहेस. तो विसरला. 'पोरीनं आवतण दिलंय' हे तो म्हणतो ना, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस. इथं त्याच्यासमोर एकदा पाठवणी म्हण, मग तुझ्या कंपनीला दे नाहीतर नको देऊ. खोकला फार नाही, पण रेकॉर्डिंग संपायची वाट बघू नकोस.

वाट बघणारी,
हौसाबाय


वैशाखरे
१८ मार्च २००१

सावळे,

आशीर्वाद. तुझं पत्र चार वेळा वाचलं. माधुरीला वाचू दिलं नाही.

तू दिवाळीनंतर येते म्हणालीस आणि आलीस तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. त्याचं मी तुला काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तेराव्याला सकुआत्याने तुझ्या हातात तांब्या दिला आणि तुझा गळा उघडला नाही. तू उठून गाडीत जाऊन बसलीस. लोक बोलले थोडं. लोकांचं काय, बापाच्या तेराव्याला गायली असतीस तरी बोलले असते.

पण तू लिहितेस की आता गाणार नाही, दुसऱ्या कॅसेटचं ठरलेलं मोडलं, पहिलीही बंद करा म्हणून कंपनीत भांडून आलीस, आणि ते हसले. हसणारच. गावोगाव गेलेली कॅसेट कोण गोळा करणार, सावळे? ज्या पोरी त्यावर नाचल्या त्यांच्या लग्नाची ती आठवण झाली. ते गाणं चांगलं आहे. मी हे कधी तुला म्हटलंच नाही. वाईट असतं तर एकाच दारात वाजून संपलं असतं, बाला एवढं चालावंच लागलं नसतं.

आता लग्नं पुन्हा सुरू झालीत. मागच्या शुक्रवारी मी टोकावड्याला हळदीला गेले, आवतण होतं म्हणून. गाणं लागलं. कमळूच्या दारी आलं आणि चार-पाच बायका मेढीकडे बघायला लागल्या. घरधन्याने तिथं पाट मांडून ठेवला होता. बा गेला हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरात म्हणे ठरलेलं होतं की कमळूबाबा येईल, त्याला बसायला हवं.

रिकामा पाट होता. मी बसले होते ती उठले आणि जाऊन मेढीला धरून उभी राहिले. का, ते मला विचारू नकोस. आय येते असं मला वाटत नाही. पण आपल्या घराचं नाव घेऊन कोणाला बोलावलं, तर घरचं कोणीतरी उभं असायला हवं, एवढं मला तिथं उभी राहिल्यावर कळलं. गाणं संपलं तेव्हा मीही रस्त्याकडे बघितलं. कोणी हसलं नाही. घरधनी येऊन पाया पडला, तेव्हा मात्र मला फार रडू आलं.

मला हे जन्मभर जमणार नाही. माझेही गुडघे आहेत.

आता बातमी. माधुरीचं ठरलं. मुलगा खर्डीचा, साईनाथ नाव, आसनगावला कारखान्यात आहे. कमी बोलतो, त्यामुळे आपल्या माधुरीला जागा भरपूर आहे. लग्न वैशाखात. मी लग्नानंतरही बाच्याच घरी राहिले, म्हणून मांडव आपल्या दारात. म्हणजे बघ, ते गाणं इतक्या दारांना वाजलं, आता खऱ्या दाराला येईल. स्पीकर नाही लावायचा असं मी ठरवलंय. तुझे भावजी नाराज आहेत, त्यांना मी समजावीन.

हळदीला तू म्हणायचं. आयला बोलाव, आणि आता बालाही बोलाव. ओळीत नाव एक वाढलंय. दोघांना दोन पाट मांडू. दुसऱ्या दिवशी माधुरी गेली की तांब्या हातात घ्यायचा आणि दोघांना जा म्हणायचं, तोंडाने, नावं घेऊन. सकुआत्या तयार आहे. तिचं आता बसणं-उठणं राहिलेलं नाही, पण म्हणाली, 'नाय उघडला गळा, तर पहिली ओळ मी धरीन. पुढची तिची.' आदल्या आठवड्यात ये, म्हणजे शिकवून होईल.

आणि समज, त्या दिवशीही नाही उघडला. तर मांडव राहील. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, सावळीने निरोप दिल्याशिवाय एक बांबू काढायचा नाही. जेठ लागला, पाऊस आला, वरचा पाला सडला, तरी राहील. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. तुझा गळा उघडेल तेव्हा उघडेल.

तांब्या घासून ठेवलाय. गाडीने ये नाहीतर एसटीने ये, नाक्यावर कोणालाही विचार, रेश्माचं घर कुठं म्हणून नको विचारूस. कमळूचं घर म्हण. तू येईपर्यंत बाच्या जागी मी आहे.

कमळूच्या दारात उभी,
हौसा